शीचं खत काळं झालं, वास गेला, तरी भाजीला नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की घरी दोन लॅब्रॅडॉर आणि एक मांजर, बागेच्या कोपऱ्यात झाकणाचा ड्रम, त्यात गेले चार महिने तिघांची शी आणि वाळका पाला टाकताय, आता तळाचं काळंभोर मातीसारखं झालंय, वास अजिबात नाही, तर ते पालेभाजीच्या वाफ्यात घालू का. आणि शेण चालतं मग हे का चालू नये.

उत्तर आधी सांगून टाकते, कारणं मागाहून. पालेभाजीत नको. गाजर, मुळा, कांदा, कोथिंबीर, काहीही नको. मांजराची शी तर आजपासून त्या ड्रममध्ये टाकायचीच बंद करा. फुलझाडांना, कुंपणाच्या झुडपांना हे चालेल, पण आत्ताच नाही, अजून बराच वेळ द्यावा लागेल. मी बारा वर्षं कंपोस्टचंच काम करते, त्यातली सहा वर्षं कुत्र्यांच्या एका शेल्टरमध्ये चाळीसेक कुत्र्यांच्या शीचे ढीग लावण्यात गेली, त्यामुळे उगाच घाबरवत नाहीये, होतं हे काम नीट, पण शेणखताइतकं सोप्पं नाहीये एवढंच.

आता शेणाचं. गाय गवत खाते, तिचं शेण म्हणजे बरंचसं चावून भिजवून मऊ केलेलं गवतच, आणि तिच्या पोटातले बहुतेक जंत तिच्यासारख्या जनावरांतच राहणारे, माणसाच्या पोटात त्यांचं फारसं जमत नाही. तरीसुद्धा ताज्या शेणात ई. कोलायचे वाईट प्रकार असू शकतात, म्हणून तर शेणही कुजवून घालतात, अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं शेणखत घातलं तर जमिनीला टेकणारी भाजी १२० दिवस काढायची नाही असं आहे. कुत्र्याचं वेगळं. तो मांस खातो, आपल्याबरोबर राहतो, आणि त्याच्या पोटातले काही जंत माणसाच्या अंगातही शिरतात. शिवाय साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, जिआर्डिया ही पोट बिघडवणारी जंतू मंडळी आहेतच, पण ती तुलनेनं लवकर मरतात. खरी डोकेदुखी जंतांच्या अंड्यांची.

टॉक्सोकारा कॅनिस नावाचा गोल जंत असतो, पिल्लांमध्ये तर फारच, कारण आईच्या पोटात असतानाच तो त्यांना लागतो. त्याची अंडी शीतून बाहेर पडतात. ही अंडी डोळ्याला दिसत नाहीत, कवच जाड आणि चिकट, मातीत वर्षानुवर्षं टिकतात, ब्लीच ओतलं तरी मरत नाहीत. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, ताज्या शीतलं अंडं पोटात गेलं तरी त्यानं रोग होत नाही. आत अळी तयार व्हायला त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, ते पण ऊब आणि ओलावा मिळाला तर. म्हणजे बघा, तुमच्या ड्रममध्ये त्याला काय मिळतंय? ऊब, ओलावा, आणि चार महिने. या एका बाबतीत सकाळी उचललेल्या शीपेक्षा ते काळं, बिनवासाचं, छान दिसणारं जास्त धोक्याचं आहे, आणि नेमकं तेच आपण बिनधास्त हातात घेतो. अंडं पोटात गेलं की अळी यकृतात, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यात जाते आणि डोळ्यात गेली तर नजर जाऊ शकते. लहान मुलं मातीत खेळून हात तोंडात घालतात म्हणून धोका त्यांना जास्त. दुसरा अंकुशकृमी, त्याच्या अळ्या मातीत बाहेर येतात आणि उघड्या पायाच्या कातडीतून आत घुसतात, लालसर वळवळीत रेघ उठते आणि खाज सुटते.

मांजराचा प्रश्न आणखी वेगळा. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा, डोळ्याला न दिसणारा परजीवी. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे त्याच्या शीतून लाखोंनी बीजं पडतात, मग बहुतेक मांजरांत थांबतं. ही बीजं बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत लागण करायला तयार होतात, म्हणूनच लिटर बॉक्स रोजच्या रोज साफ करायचा, दोन दिवसांनी नाही. ओल्या मातीत ती वर्षभराहून जास्त टिकतात. गरोदर बाईला, पोटातल्या बाळाला, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना यातून खूप त्रास होऊ शकतो, त्यामुळे घरात असं कोणी असेल तर लिटर बॉक्सचं काम दुसऱ्यानं करायचं. आणि फ्लशही करू नका, सांडपाणी शुद्ध करून सुद्धा ही बीजं सगळी मरत नाहीत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची समुद्री पाणमांजरं या टॉक्सोप्लाझ्मानं मरत होती हे संशोधकांनी दाखवलंय. ढिगाची उष्णता या बीजांना मारते हे खरं, पण घरगुती ढिगाचा कोपरान्‌कोपरा तापला याची खात्री मी स्वतःच्या ढिगाची पण देत नाही, म्हणून मांजराची शी मी घेतच नाही. पिशवीत बांधून कचऱ्यात.

शिवाय लिटर कसलं आहे ते पण बघा. मातीचं, म्हणजे बेंटोनाइटचं गोळे होणारं लिटर कुजत नाही, बागेत गेलं तर चिकट गोळा होऊन बसतं, सिलिकाचे खडे पण तसेच पडून राहतात. लाकडाच्या गोळ्या, कागद, मका यांचं कुजतं, पण वरचं टॉक्सोप्लाझ्माचं काही बदलत नाही.

बरं, आता मुख्य. सुरक्षित झालं हे कशावरून कळतं? रंगावरून नाही, वासावरून नाही, गांडुळं दिसली म्हणून तर अजिबातच नाही. किती तापलं आणि किती वेळ तापलं, बास. १९८३ मध्ये जागतिक बँकेसाठी मैल्यातल्या रोगजंतूंवर एक मोठा अभ्यास झाला होता, त्यातलं गणित कंपोस्टवाले अजून वापरतात, ६२ अंशांवर एक तास, ५० अंशांवर एक दिवस, ४६ अंशांवर एक आठवडा. म्हणजे उष्णता कमी असेल तर वेळ वाढवा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा १९९३ चा सांडपाण्याच्या गाळाचा नियम जास्त कडक आहे, बंद पात्रात ५५ अंश सलग तीन दिवस, आणि उघडा लांब ढीग असेल तर ५५ अंश १५ दिवस आणि त्यात पाच वेळा पालथा घालायचा. पालथा का घालायचा, तर ढिगाचं पोट तापतं, कातडी गारच राहते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. शेल्टरमधला पहिला ढीग लावला तेव्हा मी थर्मामीटर बरोब्बर मध्यभागी खुपसून ठेवला होता, रोज ५८, ६१, ६० बघून खूश. दोनदाच पालथा घातला, कंटाळा आला, पाऊस होता वगैरे. दोन महिन्यांनी ढिगाच्या कडेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, टोमॅटोची रोपं उगवली. एक-दोन नाही, चांगला हातभर लांब पट्टाच. स्वयंपाकघरातला कचरा घालायचो त्यातल्या बिया होत्या. मी थर्मामीटर काढून त्या कडेला घातला, ३४. टोमॅटोचं बी जिथे जिवंत राहिलं तिथे जंताचं अंडं मेलं असेल असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? सगळा ढीग मोडला, पुन्हा नव्यानं लावला. तेव्हापासून मी मुद्दाम प्रत्येक ढिगाच्या चार कोपऱ्यांत टोमॅटोच्या बिया जाळीच्या पुरचुंडीत बांधून पुरते आणि शेवटी काढून कुंडीत पेरते, एक जरी उगवलं तरी ढीग नापास. उगवलं नाही म्हणून पास असं मात्र नाही हं, थर्मामीटरची नोंद हवीच, ही फक्त जास्तीची परीक्षा.

आता तुमच्या घरच्या हिशेबाला येते, कारण इथेच बहुतेकांचं फसतं. ढीग तापायला आकार लागतो, कमीत कमी तीन-सव्वातीन फूट लांब, रुंद, उंच, म्हणजे साधारण पाऊण ते एक घनमीटर. त्याहून लहान असेल तर आतले जिवाणू जेवढी उष्णता तयार करतात तेवढी बाहेर निघून जाते. मध्यम कुत्रा दिवसाला सरासरी ३४० ग्रॅम शी करतो असं धरतात, तुमचे लॅब आहेत तर दोघांची मिळून किलोभर धरू. ते तुम्ही रोज थोडं थोडं ड्रममध्ये टाकता, म्हणजे रोजचं रोज गार होत जातं, ड्रम भरेपर्यंत तळाचं थंड पडून कुजून पण गेलं. हे खत होतं पण तापत कधीच नाही. तुमच्या ड्रममध्ये चार महिन्यांत एकदा तरी वाफ दिसली का? नाही ना.

तापवायचं असेल तर सगळं साठवून एका दिवसात रचायचं. शी झाकणाच्या बादलीत जमा करा, प्रत्येक वेळी वरून दोन ओंजळी लाकडाचा भुसा, अगदी दिसेनाशी होईपर्यंत, म्हणजे माश्या बसत नाहीत आणि वासही दाबला जातो. महिन्याभरात तीसेक किलो जमेल. ते एकटं पुरत नाही, पण एक घनमीटर ढिगाला बाकीचा माल बागेतला असला तरी चालतो, हिरवं गवत, छाटणी, पालापाचोळा, भुसा, मिळालं तर घोड्याची लीद किंवा शेण. शी हा त्यातला छोटा हिस्साच राहू दे. ज्यांच्याकडे खूप कुत्रे आहेत त्यांच्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यानं २००५ मध्ये एक पुस्तिका काढली होती, अलास्कातल्या स्लेज ओढणारे कुत्रे पाळणाऱ्यांच्या अनुभवावरून, त्यात दोन फावडी शीला एक फावडं भुसा असं माप आहे. अलास्कासारख्या गार मुलखात त्यांचे ढीग तापले म्हणजे आपले पण तापतील. पण लक्षात घ्या, त्या पुस्तिकेत पण खायच्या पिकाला घालू नका असंच लिहिलंय.

भुसा एवढा का, तर शीत नायट्रोजन भरपूर आणि कार्बन कमी, आणि जिवाणूंना साधारण पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन लागतो. भुशात कार्बन शेकड्यानं असतो. कमी पडला तर अमोनियाचा वास सुटतो, डोळे चुरचुरतात, जास्त झाला तर ढीग तापायचं नाव घेत नाही, नुसता बसून राहतो. माप चुकलं तर वास आणि थर्मामीटर तुम्हाला सांगतात, कागदावर फार हिशेब करू नका.

ढीग रचताना खाली वीतभर जाड फांद्या आणि काटक्या, हवा खेळायला. त्यावर फूटभर साधं मिश्रण, पाला आणि गवत. मग मध्ये शी-भुशाचा माल, बाकीच्या मालात कालवून, आणि कडेनं चारी बाजूंना पुन्हा फूटभर साधं मिश्रण, वरूनही. म्हणजे शी ढिगाच्या पोटात राहते, जिथे सगळ्यात जास्त तापतं, आणि बाहेरचं मिश्रण गोधडीचं काम करतं. ओलावा बघायला हातमोजा घालून मूठभर माल घ्या आणि दाबा, बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर जास्त झालं, मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर कमी. सगळ्यात वर जुनी चटई किंवा गोणपाट, आणि पाऊस असेल तर त्यावर ताडपत्री, नाहीतर पावसाचं पाणी ढिगातून झिरपून सगळं बागेत जातं, मग ढीग कशाला लावला.

पहिल्या दिवशी काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी हात जवळ नेला तरी ऊब लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे चटई उचलली की चेहऱ्यावर वाफ येते, चष्मा असेल तर पांढरा होतो. माझ्या वहीत एका चांगल्या ढिगाची रोजची नोंद अशी आहे, ३१, ४६, ५७, ६३, ६४, ६२, ५८, ५१. पन्नासकडे उतरायला लागला की पालथा घालायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर, हे अगदी मन लावून, कारण हेच खरं काम आहे, फावड्यानं नुसतं ढवळणं म्हणजे पालथा घालणं नाही. मी कडेचा माल आधी बाजूला ओढून वेगळा करते आणि नव्या ढिगाच्या मधोमध तोच आधी घालते. पालथा घातला की पुन्हा चढतो. असं पाच वेळा. सत्तरच्या वर जायला लागला तर मात्र जरा उकरून हवा द्या, त्याच्या वर कामाचे जिवाणूच मरायला लागतात.

थर्मामीटर लांब दांड्याचा घ्या, निदान दीड फूट दांडा, आणि पाच ठिकाणी बघा, मध्ये एक आणि चार कडांना. वही ठेवा. वही नसेल तर "बहुतेक तापला होता" यापुढे काही सांगता येत नाही.

पाचव्यांदा पालथा घालून ढीग पुन्हा तापून थंड झाला की मग एक वर्ष तसाच झाकून मुरू द्यायचा. अर्धवट कुजलेल्या थंड ढिगात साल्मोनेला पुन्हा वाढू शकतो, आणि तो आत येतो कुठून तर ज्या फावड्यानं सकाळी ताजी शी उचलली तेच दुपारी तयार खतात घातलं म्हणून. शीचं फावडं वेगळं, बादली वेगळी, दांड्याला लाल रंग मारून टाका म्हणजे घरातल्या कोणालाही कळतं. हातमोजे आणि बूट दरवेळी, पालथा घालताना उडणारी धूळ तोंडात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क, आणि काम झाल्यावर हात साबणानं.

एवढा खटाटोप नको असेल, आणि दोन कुत्र्यांसाठी प्रामाणिकपणे सांगायचं तर नसलाच पाहिजे, तर थंड पद्धत. दोन ड्रम. एक भरला की बंद, मग दुसरा. बंद केलेल्यात ताजं काहीच टाकायचं नाही, आणि दिवस शेवटची शी टाकली त्या तारखेपासून मोजायचे, पहिली टाकली तेव्हापासून नाही, यात सगळे चुकतात. माणसाच्या मैल्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनात थंड हवेत, म्हणजे २ ते २० अंशांत, दीड ते दोन वर्षं आणि २० ते ३५ अंशांत एक वर्षाहून जास्त साठवण सांगितलीय. मी कुत्र्यासाठी सरसकट दोन वर्षं धरते, आणि दोन वर्षांनंतर पण फक्त फुलझाडं आणि झुडपं, कारण जंताची काही अंडी त्याहून चिवट निघतात.

तिसरा मार्ग खतच न करण्याचा, जमिनीतली टाकी. जुन्या झाकणाच्या बादलीचं बूड कापून टाका, कडांना बोटभर जाडीची वीसेक भोकं पाडा, बादलीपेक्षा खोल खड्डा घेऊन तळाला वीतभर खडी, त्यावर बादली, झाकण जमिनीच्या वर दोन बोटं. त्यात शी टाकायची, अधूनमधून पाणी आणि सेप्टिक टँकमध्ये घालतात ती जिवाणूंची पावडर, आणि आतलं हळूहळू विरघळून मातीत मुरतं. मुरमाड, पाणी पिणारी जमीन असेल तर झकास चालतं, चिकण मातीत पाणी तुंबून नुसता गाळ होतो, मी एकदा केलाय, पुन्हा नाही. थंडीत जमीन फार गार झाली की काम थांबतं. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर निदान १०० फूट लांब, भूजल वर असेल तर हा विचारच सोडा. भाजीचा वाफा उताराच्या खालच्या अंगाला नसावा हेही बघा.

गांडुळांचं लोक फार विचारतात. कुत्र्याच्या शीवर गांडुळं खरंच छान वाढतात, मी वेगळी पेटी तीन वर्षं चालवली, खत असं सुरेख निघायचं की चहाची पूड वाटावी. पण गांडुळं ३५ अंशांच्या वर टिकत नाहीत, म्हणजे ही पेटी कधी तापतच नाही, जिवाणू कमी होतात पण अंड्यांची खात्री नाही. बोकाशीचंही, म्हणजे बंद डब्यात आंबवून करतात त्या खताचंही तेच, आंबटपणानं बरेच जिवाणू मरतात, जंताची अंडी आम्लाला दाद देत नाहीत. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या शीचा फडशा पाडतात, साल्मोनेला कमी करतात, अंडी मात्र राहतात. तिन्ही गोष्टी शी कमी करायला उत्तम, पण भाजीला घालायचा परवाना यातली कुठलीच देत नाही.

औषधांचं लक्षात ठेवा. कुत्र्याला जंताचं औषध दिलं की पुढचे दोन आठवडे त्याची शी कचऱ्यात, ढिगात नाही. एकतर मेलेले जंत आणि त्यांची अंडी त्याच शीतून बाहेर पडतात, आणि आयव्हरमेक्टिनसारखी औषधं शेणकिड्यांना आणि माश्यांच्या अळ्यांना मारतात, म्हणजे आपण ज्यांच्या भरवशावर कुजवतोय त्यांच्यातल्याच काहींना. अँटिबायोटिक चालू असेल तरी तेच. जुलाब लागलेला कुत्रा, नवीन आणलेलं पिल्लू, यांची शी घेऊ नका, पिल्लांमध्ये पार्व्हो व्हायरस असेल तर तो मातीत महिनोन्‌महिने राहतो आणि पुढच्या पिल्लाला लागतो. उलट मोठ्या कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून शीची तपासणी, हा सगळ्या ढिगांपेक्षा स्वस्त उपाय आहे, जंतच नसतील तर अंडी कुठून येणार.

पिशव्या. "बायोडिग्रेडेबल" लिहिलेलं काहीही ढिगात टाकू नका, त्यातल्या काही तर नुसत्या तुकडे तुकडे होऊन प्लास्टिकचा चुरा सोडतात. "कंपोस्टेबल" असेल तरी त्यांची चाचणी बहुतेक कारखान्यातल्या ५८ अंशांच्या आसपासच्या ढिगात झालेली असते, घरच्या थंड ड्रममध्ये दोन वर्षांनी पण पिशवी पिशवीच राहते, आणि आतली शी हवेशिवाय तशीच. पिशवी उघडून शी काढा, पिशवी कचऱ्यात.

घरात ससा किंवा गिनीपिग असेल तर मात्र मजा आहे. गवत खाणारे, लेंड्या कोरड्या, गोळीसारख्या, ताज्या घातल्या तरी झाड जळत नाही, मी थेट गुलाबाच्या बुंध्याशी टाकते. खालचं गवत आणि कागद मुताने भिजलेलं असतं ते ढिगाला तापवायला फार कामाचं. भाजीसाठी मी त्या लेंड्याही आधी कुजवतेच, सवय म्हणून. हॅमस्टर आणि उंदीर सगळंच खातात, त्यांचं वर्षभर कुजवून मग फुलझाडांना. पक्ष्यांच्या पिंजऱ्यातली सुकी विष्ठा झाडू नका, त्या धुळीतून फुफ्फुसाचे आजार होतात, आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, मग खरडा. कासवाच्या टाकीच्या पाण्यात साल्मोनेला असू शकतो, ते भाजीला नको. गोड्या पाण्यातल्या माशांच्या टाकीचं पाणी मात्र झाडांना अमृत, फक्त टाकीत औषध घातलेलं नसावं.

तयार खत कुठे घालायचं तर शोभेची झाडं, कुंपण, मोठी सावलीची झाडं. फळझाडाखाली मी घालत नाही, गळून पडलेलं फळ मुलं उचलून खातातच. मुलं लोळतात त्या लॉनवर पण नाही. घालून झालं की वर चार बोटं पालापाचोळा पसरा म्हणजे पावसाचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. काही ठिकाणच्या नियमांत घरी हे करायला मनाई असते, तेवढं एकदा विचारून घ्या.

आणि तुमचा आत्ताचा ड्रम. ओतून टाकू नका, उकरून बघत बसू नका. मांजराचं त्यात गेलेलंच आहे, त्यामुळे घरात कोणी गरोदर असेल तर त्यांना त्याच्या जवळ पण जाऊ देऊ नका. वरून वीतभर भुसा टाका, कोरडं वाटलं तर अर्धी बादली पाणी, झाकण लावून वर दगड ठेवा, आणि झाकणावर पक्क्या रंगानं आजची तारीख लिहा, त्याखाली "भाजीला नाही". कुत्र्यांसाठी उद्यापासून दुसरा ड्रम. बागेतली माती चिकण आहे की मुरमाड, आणि मांजर बाहेर फिरतं का घरातच असतं, हे कळवा, म्हणजे टाकीचं जमेल का ते सांगते.